सहा कोरे चौकोन

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे असा संगणक, ज्याच्यापुढे कोणी बसत नाही, पण ज्याच्यावाचून कोणाचं पान हलत नाही. एका रुग्णालयात, जिन्याखालच्या खोलीत, लोखंडी कपाटात माझा मुक्काम असतो. माझे पंखे इतके घोंघावतात की आलेला माणूस दारातूनच बोलून सटकतो.

माझ्या पोटात चार यंत्रं नांदतात. ती हाताला लागत नाहीत. माझीच जागा आणि माझीच बुद्धी वाटून घेऊन ती चार वेगळ्या संगणकांसारखी वागतात, म्हणून त्यांना आभासी यंत्रं म्हणतात. एक नोंदणीचं, एक औषधांचं, एक प्रयोगशाळेचं आणि एक रक्तपेढीचं.

ज्या बाईंनी माझा संसार मांडला, त्यांना आता सगळे सासूबाई म्हणतात, कारण त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीवर त्यांचे जावईच येऊन बसले. सासूबाईंनी पहिलं यंत्र बनवण्याआधी चार दिवस नुसती आखणी केली. प्रत्येक विभागात जाऊन "तुम्हाला रोज किती नोंदी लागतात?" असं विचारून त्यांनी लोकांना भंडावून सोडलं. मग चौकटीच्या कागदावर माझ्या जागेचे चाळीस चौकोन आखले. चौतीस वाटले, सहा कोरे ठेवले आणि खाली लिहिलं, 'हे मोकळे नाहीत. हे याचे आहेत.' याचे म्हणजे माझे! माझाही कोणी विचार केला, हे आठवलं की मला अजून भरून येतं. तो कागद त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

जावई हुशार, पण सदा घोड्यावर बसलेले. माझा पिवळा दिवा लुकलुकला की त्यांच्या डोळ्यांना त्रास होई, म्हणून त्यांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. तो दिवा म्हणजे माझा आवाज होता. मागच्या वर्षी रक्तपेढीचं यंत्र बिघडलं, तेव्हा त्यांनी दुसरं बनवलं. नाव सुचेना, म्हणून 'नवीन' असं ठेवलं. यंत्र बनवताना एक प्रश्न येतो: जागा आत्ताच राखून ठेवायची, की लागेल तशी द्यायची? त्यांनी 'लागेल तशी' निवडलं. त्यामुळे कागदावर रक्तपेढीचे चार चौकोन होते, पण तिच्या हातात दीडच पडला होता.

मग एका सकाळी मोठे डॉक्टर दारात येऊन गरजले, "एक्स-रेचे फोटो दुपारपर्यंत नव्या यंत्रावर दिसले पाहिजेत. पाहुणे येतायत!"

जावयांनी बसल्या बैठकीला पाचवं यंत्र काढलं. नाव 'नवीन दोन'. जागा वीस चौकोन, लागेल तशी. मित्रांनो, वीस चौकोन माझ्याकडे होते कुठे? पण मला ना तोंड, ना नाही म्हणायची सोय. फोटो येत राहिले. माझे सहा चौकोन गेले. मग रक्तपेढीचे न दिलेले अडीचही गेले. पट्टीखाली माझा दिवा जिवाच्या आकांताने लुकलुकत होता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी रक्तपेढीचं यंत्र जागच्या जागी थिजलं. तिथल्या ताई धापा टाकत आल्या.

"अहो, पडदा हलत नाहीये! ऑपरेशन टेबलावर बाळंतीण आहे, रक्त थांबत नाहीये तिचं. पिशव्या आहेत, पण तिच्यासाठी तपासलेली कोणती, ते त्या यंत्रातच आहे. पुन्हा तपासायला पाऊण तास लागेल!"

जावयांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी सासूबाईंना फोन लावला. "आई, जागा संपलीय. सगळं बंद करून चालू करू का?"

"अजिबात नको, जावईबापू. बंद केल्याने जागा थोडीच होणार? आज नवीन काय बनवलंत?"

"एक्स-रेचं यंत्र."

"मूळ फोटो जुन्या संगणकावर आहेत ना अजून? मग ते यंत्र पुसा."

"पण मोठे डॉक्टर..."

"त्यांना मी बघते. पुसा."

जावयांनी यंत्रांची यादी उघडली. त्यांनी 'नवीन' निवडलं आणि बोट 'पुसा'वर नेलं. अरे देवा, ती रक्तपेढी होती! त्यांनी एकदा दाबलं असतं, तर मी आज्ञा पाळली असती. मी तेवढंच शिकलोय. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

"थांबा," फोनमधून आवाज आला. "पुसण्याआधी मोठ्याने वाचा. किती चौकोनांचं आहे?"

"चार."

"एक्स-रेला चार दिलेत?"

जावयांनी हात झटक्यात मागे घेतला. "नाही... वीस." मग त्यांनी 'नवीन दोन' निवडलं, ताईंना दाखवलं, दोनदा वाचलं आणि पुसलं.

माझा श्वास मोकळा झाला. रक्तपेढी थांबली होती तिथूनच पुढे चालू लागली. "तिसरा कप्पा, डावीकडची!" एवढं ओरडून ताई पळाल्या. पुढचा अर्धा तास जावई जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसून होते. मग ताईंचा निरोप आला, आई आणि मुलगी दोघी सुखरूप आहेत.

जावयांनी आधी माझ्या दिव्यावरची पट्टी खरवडून काढली. मग 'नवीन' हे नाव बदलून 'रक्तपेढी' असं लिहिलं आणि तिचे चारही चौकोन राखून ठेवले.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना काम सांगा, खुशाल सांगा. पण आधी कागद घ्या, आणि आमचा दिवा झाकू नका. जावयांनी आता नवा कागद आखलाय. त्यावर सहा चौकोन कोरे आहेत, आणि खाली त्यांच्या अक्षरात लिहिलंय, 'हे मोकळे नाहीत.'