एकट्या रेषेची दीर्घिका

एका दूरच्या दीर्घिकेच्या प्रकाशात एकच तेजस्वी रेषा होती. तिच्या आजूबाजूला काहीही नव्हते.

मित्रांनो, ती रेषा मी टिपली. मी एक जुना वर्णपटमापक आहे. दुर्बिणीतून आलेला प्रकाश बारीक फटीतून आत घ्यायचा आणि त्याचे रंग वेगळे करायचे, हे माझे काम. माझ्या काचेवर हजारो समांतर रेघा आखताना शेजारच्या खोलीतही कोणी चालायचे नाही, असा दंडक होता.

दीर्घिकांतला तप्त वायू ठरावीक रंगांच्या रेषांनी चमकतो. त्या रेषांवरून तिथे कोणती मूलद्रव्ये आहेत, वायू किती तप्त, किती विरळ, हे कळते. जिथे कोणी कधीच पोहोचणार नाही, तिथली नाडी मी पाहत आलो! माझे कौतुकही झाले. मग नवी यंत्रे आली आणि मी कापडाखाली धूळ खात पडलो.

एका संशोधक बाईंनी मला पुसून पुन्हा कामाला जुंपले. तेव्हा ही रेषा सापडली. विश्व प्रसरण पावताना प्रकाशाचे रंग ताणले जाऊन लालाकडे सरकतात; प्रकाश जितका जुना, तितके जास्त. त्यामुळे एकटी रेषा ओळख देत नाही. ती हायड्रोजनची असेल, तर प्रकाश साडेबारा अब्ज वर्षे जुना. ऑक्सिजनची असेल, तर आठ अब्ज. ऑक्सिजनच्या रेषा मात्र जुळ्या, अगदी शेजारी शेजारी असतात; इथे तर एकच दिसत होती. म्हणून हायड्रोजन ठरला. आमच्या दुर्बिणीला आजवरची सर्वांत दूरची दीर्घिका सापडल्याची घोषणा उद्यावर आली. बाईंची सारी प्रतिष्ठा तिच्यावर होती.

तरी बाई मला चालवणाऱ्या यंत्रज्ञांना म्हणाल्या, "दादा, फट अरुंद करा."

यंत्रज्ञ चपापले. "प्रकाश निम्मा होईल, मॅडम. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागता?"

"हातात काय आहे, तेच तर बघायचंय."

"आणि जुळ्या निघाल्या तर?"

"तर नाक माझं कापलं जाईल. दुर्बिणीचं नाही."

त्या रात्री आम्ही कितीतरी वेळ प्रकाश साठवला. पडद्यावर दोन रेषा उमटल्या.

"गेली घोषणा," यंत्रज्ञ पुटपुटले.

बाईंनी दोन्ही रेषांची तेजस्विता ताडून पाहिली. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दादा, हा वायू प्रयोगशाळेतल्या निर्वात नळीपेक्षा लाखो पटींनी विरळ आहे. आणि त्यात तारे जन्मतायत. पृथ्वी नव्हती, तेव्हा!"

 सकाळी बाईंनी घोषणा रद्द केली.

मित्रांनो, जुन्या यंत्राला धुळीपासून जपा; पण ते जे दाखवते, ते डोळे मिटून मानू नका. आम्ही मांडणीप्रमाणे पाहतो. मंद प्रकाश अधिक मिळावा, म्हणून माझी फट रुंद ठेवली होती. त्यामुळे ऑक्सिजनच्या दोन रेषा एकमेकींत मिसळल्या आणि एकच दिसली.