ही जागा विकाऊ नाही

नैरोबीच्या माबाटीनी वस्तीतल्या एकूण एक घराने नदीकडे पाठ फिरवलेली होती. दारं गल्लीत उघडायची, आणि मागच्या खिडकीतून केळ्यांची सालं, खरकटं, तुटक्या चपला असं सगळं थेट माथारे नदीत जायचं. आपण नदीकाठी राहतो हे निम्म्या वस्तीला ठाऊकच नव्हतं. वास येतोय म्हणजे गटार असणार, एवढं ज्ञान त्यांना पुरे होतं.

न्याबोकेची आई (लेकीच्या नावानेच तिला सगळे हाक मारायचे) मात्र दूरच्या किसी भागातल्या डोंगरातली, नदीत खेळून वाढलेली. दिवसभर लोकांचे कपडे धुऊन तिचे पाय संध्याकाळी टम्म सुजायचे. मग लहानपणी आईशेजारी गार पाण्यात पाय सोडून बसायची ते आठवायचं, आणि जीव कळवळायचा. मरायच्या आत एकदा तसं बसायचं, एवढी एकच हौस तिने बाळगली होती. नगर कार्यालयाने वरच्या अंगाची फुटकी सांडपाण्याची नळी एकदाची सांधली आणि पाणी जरा निवळलं, तेव्हा तिने पाच बायका जमवल्या, सगळ्यांना गमबूट चढवायला लावले आणि सात महिने राबून काठ साफ केला. उतारावर पायऱ्या खणल्या. पाणी पिण्याजोगं झालं नव्हतं, पण पाय बुडवायला चाललं असतं.

काठ तयार झाला, माणूस काही फिरकेना. नगर कार्यालयातल्या मुथेउबाई येऊन बघून गेल्या.

"मेहनत दिसते हो," त्या म्हणाल्या. "शनिवारी मी पाहणीला येते. लोक इथे येत-जात असतील तर बाग म्हणून नोंद करीन. नसतील तर कुंपण पडेल. ट्रक उभे करायला जागा मागणारे टपूनच बसलेत."

न्याबोकेची आई दारोदार फिरली. पहिलं दार शेजारच्या ओचोलाबाबांचं. हा गडी निवृत्त पहारेकरी, आणि जन्मजात कुरकुऱ्या.

"बाबा, शनिवारी नदीवर या ना."

"का? कोण गेलं?"

"कुणी नाही हो. नुसतं बसायला."

"बसायला मला घर आहे. आणि तुझं साबणाचं पाणी रोज माझ्या दारातून वाहतं. मला नदी घरपोच मिळते, बाई."

खाटीक न्जुगुनाने तर सुरा खाली न ठेवताच विचारलं, "जेवण आहे का?"

"नाही."

"निदान सोडा?"

"सोडाही नाही."

"मग लोक जमवून करणार काय? एकमेकांची तोंडं बघणार?"

गुरुवारी काठावर एक टोपीवाला फीत घेऊन जागा मोजताना दिसला आणि तिचं डोकंच सणकलं. ट्रक! सात महिन्यांच्या घामावर ट्रक! तिने घरातला उरलासुरला निळा रंग काढला आणि त्या शहरात जमीन धोक्यात आली की कुणीही करतं तेच केलं. फळीवर ढोबळ अक्षरांत लिहिलं, 'ही जागा विकाऊ नाही', आणि फळी पायऱ्यांशी ठोकली. नैरोबीत हे वाक्य भिंतीभिंतीवर दिसतं, कारण परस्पर दुसऱ्याची जमीन विकणारे भामटे तिथे पैशाला पासरी.

शुक्रवारी सकाळी न्जुगुनाने फळी वाचली आणि त्याचे डोळे चमकले.

"विकाऊ नाही? म्हणजे कुणीतरी विकतंय!" तो भर गल्लीत ओरडला. "माझ्या मेव्हण्याच्या घरावर हेच लिहिलं, तोवर ते दोनदा विकून झालं होतं!"

विकली जायच्या आत आपापला तुकडा अडवायला दुपारपर्यंत अख्खी वस्ती नदीवर. कुणी दगड मांडले, कुणी दोरी ताणली, कुणी घाईघाईने पालेभाजीची रोपं खोचली. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशी वीतभर काठासाठी हमरीतुमरी चालली. जागा सोडली की गेली, म्हणून कुणी उठेना. चहाच्या किटल्या आल्या, तेलात तळलेल्या गरम, गोड मांदाझी आल्या, तान्ही पोरं आली. कुणी तर सोफा उचलून आणला. चर्चच्या भजनमंडळाने दहा पावलं अडवली आणि ताबा सिद्ध करायला गायलाच सुरुवात केली.

शनिवारी मुथेउबाई आल्या आणि बघतच राहिल्या.

"तुम्ही इथे नेहमी येता?" त्यांनी ओचोलाबाबांना विचारलं.

बाबांनी छाती काढली. "एकोणीस वर्षं बसतोय, बाई. या दगडाला विचारा."

"मी बावीस!" न्जुगुना पुढे घुसला. "माझ्या बायकोला मागणी मी इथेच घातली."

"मला तू दुकानात घातलीस," मागून त्याची बायको म्हणाली. "इथे कुणाला घातलीस ते सांग आधी."

मुथेउबाईंना भरून आलं. नदीवर इतका जीव असलेली वस्ती त्यांनी पाहिली नव्हती. न्याबोकेच्या आईने खरं सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात मांदाझी कोंबली. बाईंनी कागदावर सही करून शिक्का मारला आणि मोठ्याने वाचलं, "हा काठ सगळ्यांची बाग आहे. कुणा एकाच्या मालकीची नाही."

 मग दोऱ्या गुंडाळल्या गेल्या, सोफा उचलला गेला, आणि जाताना जो तो न्याबोकेच्या आईकडे अशा नजरेने पाहत गेला की तिने मान वर केली नाही. बाग मिळाली खरी, पण रिकाम्या बागेत ट्रक शिरायला कितीसा वेळ लागतो? रात्रभर तिला तेच खात राहिलं.

रविवारी चर्च सुटल्यावर ती पडल्या चेहऱ्याने पायऱ्या उतरली आणि थबकली. काठ गच्च भरला होता. जो तो शुक्रवारी अडवलेल्या आपापल्या दगडावर ठाण मांडून बसला होता. सोफासुद्धा परत आला होता.

"बाबा, तुम्ही? बाग सगळ्यांची आहे, ऐकलंत ना?"

"ऐकलं की," विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय सोडलेले ओचोलाबाबा गुरगुरले. "म्हणूनच आलो. सगळ्यांची म्हणजे उद्या कुणीही येऊन माझ्या जागी बसायचा!"

तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. सात महिने तिने घासलेल्या काठावर तिलाच टेकायला जागा नव्हती. तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

बाबांनी तिच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि ते कण्हत-कुंथत थोडे बाजूला सरकले.

"बस. पण साबण काढलास तर याद राख."

ती बसली. चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले. गारवा घोट्यांवरून वर चढला आणि तिने डोळे मिटले.

"उद्या कुणी विचारलंच," बाबा हळूच म्हणाले, "तर तुझी किती वर्षं सांगू?"

"आज पहिलाच दिवस, बाबा."

ओचोलाबाबा आणखी वीतभर सरकले.