कोच पावलित्स्कींची बॅग

मी एक तपकिरी चामड्याची बॅग. माझे मालक रायनहोल्ड पावलित्स्की आमच्या खाणींच्या गावात एके काळी इतके लाडके होते, की बेकरीत लोक त्यांना रांगेत उभं राहू देत नसत.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांच्या बायकोनं, एर्नानं, मला विकत आणलं. तोवर ते बूट वर्तमानपत्रात गुंडाळून सामन्याला जायचे. "गावाच्या फुटबॉल संघाचा बचावपटू तू, आणि मासे विकायला निघाल्यासारखा जातोस!" असं म्हणून तिनं मला त्यांच्या हातात दिलं.

मग नऊ वर्षं मी त्यांच्यासोबत मैदानावर गेले. खाणीतून निघालेली लाल राख पसरलेलं मैदान ते. पडलं की गुडघे सोलवटायचे आणि ती राख माझ्या शिवणीशिवणीत जाऊन बसायची. रायनहोल्ड उंच, अबोल आणि भलते हट्टी. त्यांना चुकवून चेंडू पुढे नेणं म्हणजे भिंतीतून वाट काढणं, असं लोक म्हणत.

एकोणतिसाव्या वर्षी त्यांचा गुडघा सुजला. तेव्हाचे कोच म्हणाले, "एक इंजेक्शन, नव्वद मिनिटं. मग हवा तितका आराम कर." रायनहोल्ड खेळले. सत्तराव्या मिनिटाला कोसळले, ते खेळाडू म्हणून पुन्हा उभे राहिलेच नाहीत. इस्पितळात ते एर्नाला म्हणाले, "मी कोच झालो ना, तर कुणाच्या पोराला असं वापरणार नाही." मी खाटेखाली होते. मी ऐकलंय ते.

ते कोच झाले, आपल्याच संघाचे. माझ्यात बुटांऐवजी शिट्टी, वही आणि कॉफीचा थर्मास आला. खेळाडू त्यांना घाबरत, पण जीवही लावत. त्यांतला डेटमार बावीस वर्षांचा, डाव्या पायाचा आणि तोंडाळ.

"कोच, तुमच्या काळी चेंडू चौकोनी होता का हो?" असं तो सगळ्यांसमोर विचारी. रायनहोल्ड हसू दाबत त्याला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावत.

त्या वर्षी गावातली शेवटची खाण बंद झाली. उरला होता तो संघ. हंगामातला अखेरचा सामना हरलो असतो, तर तोही खालच्या गटात गेला असता. आणि डेटमारचा गुडघा सुजलेला. डॉक्टरांनी दिलेली इंजेक्शनची डबी सामन्याच्या दिवशी सकाळी घरातून निघतानाच रायनहोल्डनी माझ्यात ठेवली. म्हणजे त्याला खेळवायचं, हे घरीच ठरलं होतं.

कपडे बदलायच्या खोलीत डेटमारनं विचारलं, "कोच, तुमचा गुडघा असाच गेला ना?"

रायनहोल्ड थर्मासचं झाकण फिरवत राहिले. मग म्हणाले, "तेव्हाची औषधं वेगळी होती."

पोरानं विश्वास ठेवला आणि इंजेक्शन घेतलं. त्यानं गोल केला, दहा मिनिटांनी तो पडला, आणि आम्ही जिंकलो. रायनहोल्डना लोकांनी खांद्यावर घेतलं. डेटमारला मागच्या दारानं नेलं. मी बाकावरच राहिले होते, मला दोन्ही दिसलं.

"त्याला भेटून ये," एर्ना म्हणाली.

"उद्या जातो."

तो उद्या आलाच नाही. मोठ्या शहरातून बोलावणं आलं. आठ वर्षांत चार क्लब झाले, फोटो छापून आले, मग हकालपट्ट्याही झाल्या. हॉटेलांच्या खोल्यांत ते कितीदा तरी पत्र लिहायला बसत. "प्रिय डेटमार" एवढं लिहून कागद माझ्यात कोंबत.

शेवटी गावी परतलो. एक दिवस माझा पट्टा तुटला. एर्ना म्हणाली, "गावात चामड्याचं काम करणारा आता एकच राहिलाय. कोण, ते तुला ठाऊक आहे."

रायनहोल्ड मला काखेत धरून दुकानात गेले. डेटमार लंगडत पुढे आला.

"या, कोच. काय तुटलं?"

रायनहोल्डचे ओठ हलले. त्यांनी मला टेबलावर ठेवलं. "पट्टा," ते म्हणाले.

"एवढंच?"

"...एवढंच."

 डेटमारनं मला उचललं. "गुरुवारी या."

गुरुवारी संध्याकाळी ते आले, पण दुकानासमोरच्या ट्रामच्या थांब्यापर्यंतच. एक ट्राम सोडली, दुसरी सोडली, तिसरीत चढून गेले. पुढच्या गुरुवारीही तेच, आणि नंतरच्या प्रत्येक गुरुवारी. याला आता तीन वर्षं होतील. हल्ली ते काठी टेकत येतात.

मी काचेजवळच्या फळीवर आहे. परवा एका बाईनं माझी किंमत विचारली. डेटमार मान वर न करता म्हणाला, "विकायची नाही. मालक यायचेत."

मला बोलता आलं असतं, तर रस्त्यापलीकडे ओरडून सांगितलं असतं, की कोच, पट्टा केव्हाच तयार झालाय. इथली सगळी दुकानं साडेसहाला बंद होतात. पण गुरुवारी डेटमार सात वाजेपर्यंत दाराला कडी लावत नाही.