चौथा कोपरा

माणसाने आजवर तीनच मोठे शोध लावले: आग, चाक आणि क्यूआर कोड. पेंटरकाकांनी हे सकाळी दहा वाजता, कमरेवर हात ठेवून जाहीर केलं. ऐकायला दुकानात लेबलं छापायचं मशीन तेवढं होतं, आणि त्याचा प्लग लावायचा राहिला होता.

काकांची चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली. आता सूनबाईने लेबलांचं दुकान काढलं होतं आणि काका तिथे मदतीला असत, म्हणजे खुर्ची अडवून प्रश्न विचारत. एवढ्याशा चौकोनात एवढी माहिती मावते कशी? ठिपके मोजतं कोण? एखादा ठिपका पुसला गेला, तर फोन अडखळतो का? सूनबाई आधी उत्तरं द्यायची, मग हुंकार, मग नुसतीच बघायची.

त्या दिवशी रोपवाटिकेच्या बाईंचं काम होतं. दोनशे चाळीस झाडं, प्रत्येकाच्या लेबलावर नुसता त्याचा वेगळा कोड. फोन धरला की त्या झाडाला ऊन किती, पाणी किती, सगळं दिसायला हवं. दुसऱ्या दिवशी बाईंचं प्रदर्शन. काम मनासारखं झालं तर पुढची सगळी लेबलं सूनबाईकडे, नाहीतर मागच्या गल्लीतल्या दुकानाकडे. पाण्याने न भिजणारा रोल एकच उरला होता, तीनशे लेबलांचा.

"बाबा, मी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येते. यादी जोडलीय, नमुना तयार आहे. तुम्ही फक्त बघायचं."

"बघायला काय, बघतो की," काका म्हणाले.

आणि काकांनी खरोखरच बघितलं. तिथेच घात झाला. तीन कोपऱ्यांत कसे ठसठशीत चौकोन, चौकोनाच्या पोटात चौकोन. चौथ्यात मात्र नुसता ठिपक्यांचा चुरा. असली लंगडी पाटी त्यांनी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाच्या हाती दिली नव्हती. दात दुखत असल्याने पोरीचं लक्ष लागलं नसेल, असं म्हणून त्यांनी तिला मनातल्या मनात माफ केलं. सॉफ्टवेअरमध्ये चौकोन काढायचं बटण होतंच. एक काळा, आत पांढरा, त्याच्या आत पुन्हा काळा. नमुन्यावर एकदा बसवला की सगळ्या लेबलांवर आपोआप उमटणार. काका मागे सरकले, एक डोळा मिटून पाहिलं आणि समाधानाने छपाई सुरू केली.

सूनबाई आली तेव्हा अठ्ठावन्न लेबलं बाहेर पडली होती. तिने एकावर फोन धरला. मग दुसऱ्यावर. मग मशीन थांबवलं.

"बाबा, हा चौथा कुठून आला?"

"तू विसरली होतीस. म्हटलं, उगाच बोलून तुला कशाला ओशाळं करा."

तिचं अर्धं तोंड बधिर होतं, त्यामुळे काकांच्या वाट्याला अर्धंच बोलणं आलं. "तीनच असतात. म्हणून तर फोनला कळतं, वर कुठे, खाली कुठे. चारी कोपरे सारखे केलेत तर त्याने काय ओळखायचं? शिवाय खालची माहिती झाकलीत ती वेगळीच."

"म्हणजे जिथे चौकोन नाही, त्या कोपऱ्यावरून दिशा कळते?"

"हो. आणि रोलवर आता दोनशे बेचाळीस उरलीत."

खरं तर इथे काकांनी खजील व्हायचं. पण ते स्क्रीनवरच्या साध्या कोडसमोर फोन उभा, आडवा, उलटा धरण्यात गुंतले होते. दर वेळी उघडत होतं. "डोकं आहे," ते म्हणाले. कोणाचं, ते सांगितलं नाही.

चौकोन पुसला. दर दहावं लेबल तपासत दोघांनी दोनशे चाळीस छापली. दोन उरली. काकांनी सुटकेचा श्वास सोडला, तोही सूनबाईची नजर चुकवून.

चार वाजता बाई आल्या. काकांनी त्यांना तीन कोपऱ्यांचं रहस्य पंधरा मिनिटं हातवारे करून समजावलं. मोकळ्या कोपऱ्याचं तर असं गुणगान केलं की सूनबाईला बधिर गालातही हसू आलं. बाईंनी एक लेबल तपासलं, फोनवर माहिती उघडली, मान डोलावली.

"उत्तम. पुढचीही तुम्हीच करा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी रोल हातात घेऊन थोडा उलगडला, आणखी थोडा उलगडला.

"फक्त यातलं कुठलं कुठल्या झाडाचं, तेवढं लेबलांच्या मागच्या कागदावर पेन्सिलीने लिहून द्याल का?"