कुलूप घेऊन आलेली सीडी

मी सीडी बोलतेय. उत्तनला बोंबील वाळत घातलेत ना, त्या काठीला दोऱ्याने टांगलीय ती मीच. कावळे हाकलते. हसू नका, याहून मोठं काम करून आलेय!

दोन हजार तीन साली मी गोडदेवला जितेंद्रच्या सायबर कॅफेत कोरीच पडून होते. ऑफिस सुटलं की भाईंदर पूर्वेची रुचिता तिथे यायची. उत्तनच्या सेलीनबाईंसाठी तिला नोंदी कॉम्प्युटरवर कुलपात ठेवणारा एक प्रोग्राम हवा होता. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायका सेलीनबाईंना सगळं सांगायच्या, बाई वहीत लिहून घ्यायच्या. कोर्टात तेच कामाला यायचं. एकदा ती वही एकीच्या नवऱ्याच्या हाती लागली आणि त्याने तिचा हात मोडला.

"कुलूप येत न्हाय तवर मी येक नाव लिवणार न्हाय गो," सेलीनबाईंनी रुचिताला बजावलं होतं.

असा एक प्रोग्राम होता, फुकट, त्याचा कोडही सगळ्यांना खुला. पण बनवणारे अमेरिकेतले. मजकूर कुलूपबंद करणारा भाग देशाबाहेर द्यायचा तर तिथल्या सरकारची परवानगी लागते, असं त्यांना वाटलं. मग घाबरून त्यांनी तो भागच काढून टाकला. म्हणजे कपाट आलं, कुलूप नाही!

"ताई, कशाला टेन्शन घेता? कुठून तरी कॉपी मारून देतो," जितेंद्र म्हणाला.

"कुलूप कुणी चोरबाजारातून आणतं का रे? दुसरी चावी कुणाच्या खिशात असेल, सांगशील?"

मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हात कुठेत!

रुचिताने तो नियम पानन्‌पान वाचला. खुल्या प्रोग्रामला परवानगी लागतच नव्हती. इंटरनेटवर तो कुठे ठेवलाय, एवढंच सरकारला ई-मेलने कळवायचं. तिने तो ई-मेल स्वतःच लिहून त्या मंडळींना धाडला, "फक्त तुमचं नाव घाला आणि सरकारला पाठवा." उत्तर नाही. पुन्हा धाडला. असं अकरा वेळा. माणसं नियम न वाचताच घाबरतात, हे मी तिथे शिकले.

बाराव्या वेळी त्यांनी तो सरकारला पाठवला आणि कुलूप आलं. जितेंद्रने ते माझ्यावर उतरवलं. चटका बसला, पण मी हूं की चूं केलं नाही.

रविवारी सेलीनबाईंच्या कॉम्प्युटरवर कुलूप बसलं. समोर ती हात मोडलेली बाई होती. "माजं नाव पयलं लिव," ती म्हणाली.

आता माझ्या अंगभर ओरखडे, कुठलंच मशीन मला वाचत नाही. पण तुमच्या वाटेत नियम आडवा आला तर आधी तो पुरता वाचा, मग हवं तर घाबरा.

मला इथे तिनेच टांगलं. डावा हात अजून पुरता वर जात नाही तिचा, पण गाठ पक्की मारलीय. नाव विचारू नका. सांगणार नाही.