बाहेर जाणारा श्वास

श्रावणात कानबाई देवी बसते, आणि सोमवारी सकाळी तिला विसर्जनासाठी नदीवर नेताना गाण्याची ओळ धरायचा मान दोंडाईच्याच्या त्या गल्लीत सुगंधाबाईंचा. ओळ एका दमात म्हणायची, मग मागच्या बाया उचलणार. पण अलीकडे ओळ मध्येच तुटे. भुंकल्यासारखा खोकला, डोळ्यांपुढे अंधारी. शेवटी मोठ्या जाऊबाई बेबाबाईंनी ओळ हाती घेतली ती सोडलीच नाही.

"ऱ्हाऊ दे व, तू नुसत्या टाया वाजाड."

बेबाबाईंचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. पण दम शाबूत होता, आणि गल्ली दमाच्याच बाजूने असते.

दमा समजून तोंडात मारायचे पंप झाले. जो तो डॉक्टर म्हणे, "श्वास घ्या." तो छान जाई. अडे तो बाहेर येताना, आणि परक्या पुरुषासमोर खोकायचं कसं म्हणून सुगंधाबाई पदर तोंडात कोंबून बसत.

मुलगा ईश्वर त्यांना पुण्याला घेऊन गेला. स्कॅनच्या मशीनमध्ये झोपवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कशानं त्रास होतो? गाण्यानं? मग गा."

"श्रावण नसताना कानबाईनं गानं? भलतंच!"

"बरं, मग कुणावर तरी मोठ्यानं ओरडा."

हे जमण्यासारखं होतं. सुगंधाबाईंनी बेबाबाईंचा उद्धार सुरू केला, माहेरापर्यंत पोचल्या आणि खोकल्यात कोसळल्या. पडद्यावर सगळं दिसलं: श्वासनळीची सैल पडलेली मागची भिंत पुढे येऊन चिकटत होती. दमा नव्हताच.

आधी आठवडाभर नळीत तात्पुरता आधार बसवून पाहिला. सुगंधाबाईंनी बेबाबाईंना फोन लावला आणि त्यांना एक शब्द बोलू दिला नाही. प्रयोग यशस्वी ठरला. आता तो आधार काढून, बरगड्यांमधल्या छोट्या छिद्रांतून रोबोटचे हात घालायचे आणि मागच्या भिंतीला जाळी शिवायची.

"मशीन कोन चालावस?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"मीच. समोर बसून."

"मंग मशीननं नाव कसाले? तुम्हीच शिवतस म्हना ना!"

डॉक्टरीणबाई हसल्या. तेवढ्यावर सही झाली.

पुढच्या श्रावणात, कानबाई दारातून निघते तोच बेबाबाईंनी ओळ पकडली. सुगंधाबाई टाळ्या वाजवत चालल्या. भांडण करून मिळालेला मान गल्ली दुसऱ्या दिवशी परत मागते, हे त्यांना ठाऊक होतं. नदीच्या अलीकडे चढ लागला. तिथे बेबाबाईंना धाप लागली, ओळ अर्ध्यावर पडली.

ती सुगंधाबाईंनी उचलली. पहिला सूर सोडताना सगळं लक्ष नळीवर. आता मिटेल, आता मिटेल. नळी मिटली नाही. आवाज चढाबरोबर चढत गेला, बँडवाल्याने ढोल थांबवला, मागच्या बाया ओळ संपायची वाट बघत तोंड उघडून चालल्या. ईश्वर कडेला डोळे पुसत होता. चढ संपला, ओळ संपेना.

"बस कर व बाई," बेबाबाई ओरडल्या, "आमले बी म्हनू दे!"

सुगंधाबाईंनी मोठा श्वास घेतला आणि दुसरी ओळ धरली.