दाखल क्रमांक १४३०७

साकोलीच्या एका महाविद्यालयात कुसुमताई निनावे बावीस वर्षं ग्रंथपाल होत्या, आणि या बावीस वर्षांत त्यांच्या दाखल नोंदवहीत एकही खाडाखोड झालेली नव्हती. आंधळगावच्या विणकराची लेक. चुकलेला धागा तसाच पुढे रेटायचा नाही, हे हाडीमाशी भिनलेलं. ग्रंथालयात जे जे येई ते नोंदवहीत चढे, त्याला क्रमांक मिळे, त्याच्यावर शिक्का बसे. वाचायला मात्र कुणी फिरकत नसे. पोरं येत ती पंख्याखाली डबा खायला.

यंदा ताईंचं नशीब उघडलं. अभ्यासक्रमात ‘माहिती कौशल्य’ आलं आणि इतिहासाच्या अनुप सरांनी ते आपल्या विषयातच गुंफायचं ठरवलं. दर गुरुवारी बाराचा तास, अर्धा सरांचा, अर्धा ताईंचा. वेळापत्रकात आपलं नाव छापून आलेलं ताईंनी पहिल्यांदाच पाहिलं. त्या कागदाचा फोटो काढून त्यांनी आंधळगावला भावाला पाठवला. एकच धाकधूक होती. महिन्याभरात विद्यापीठाची समिती येणार होती. तिला पटलं तर तास राहणार, नाही तर त्या वेळेत टायपिंग.

पहिला प्रकल्प होता जवळच्या खेड्यातला जुना तलाव आणि त्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून पाण्यात उभा असलेला दोन खुणांचा दगड. बत्तीसपैकी एकतीस पोरांनी मोबाईलवरून एकच वाक्य उतरवलं: ‘हा दगड प्राचीन वेधशाळेचा अवशेष असून राजा येथून ग्रहण पाहत असे.’

“राजा कोणता?” सरांनी विचारलं.

“थो खाली असन सर,” विक्की म्हणाला. “आमी खालपर्यंत गेलोच नाही.”

एकट्या खुशबूने वेगळं लिहिलं होतं. वरच्या खुणेखाली पाणी उतरलं की शेतांना पाळीपाळीने पाणी सोडायचं, असं तिच्या शेजारच्या गोमाजी कापगते यांनी सांगितलं होतं. पण प्रकल्पासोबत भरायचा विद्यापीठाचा अर्ज दाखल क्रमांकाशिवाय स्रोत घेईना. वेधशाळेवाल्यांना ही अडचण आली नव्हती. त्यांनी हाताला लागेल त्या पुस्तकाचा क्रमांक ठोकला होता. कुक्कुटपालनाच्या एका पुस्तकाला त्या दिवशी अकरा वाचक मिळाले.

“मॅडम, खोटं पास झालं आन खरं अडकून राहिलं,” अनुप सर म्हणाले.

“अडकत कसं? क्रमांक पायजे ना? देऊ.”

“खोटा?”

“माझ्या वहीत खोटं चढत नाही, सर. बुवाले घेऊन या.”

गोमाजी आले, स्वच्छ धोतर नेसून आले. ताईंनी चष्मा लावला आणि नवी ओळ उघडली. क्रमांक १४३०७. शीर्षक: गोमाजी कापगते. प्रकाशन वर्ष: १९४९. प्रकाशकाच्या जागी आईचं नाव. पृष्ठसंख्या: चालू आहे. बांधणी: धोतर व बंडी. कसे मिळाले: भेट. मग त्यांनी शिक्का उचलला.

“कपाळावर नोको मारू बाई,” गोमाजी म्हणाले. “बुढी घरात घेनार नाही.”

शिक्का मनगटावर बसला. इतिहास आणि शेती या दोन कपाटांच्या मध्ये त्यांची खुर्ची लागली, आणि पोरं गोमाजींना रीतसर नावावर घेऊ लागली. मुदत एक दिवस. पोरं त्यांना तलावावर नेत, प्रश्न विचारून भंडावत, चहा पाजून परत आणत. विक्कीने नेलं तेव्हा ते डोक्यावर नवी टोपी घालून परतले. ताईंनी शेऱ्यात ‘वेष्टन बदलले’ असं नोंदवलं. तीन आठवड्यांत राजाची वेधशाळा एकतीस प्रकल्पांतून हद्दपार झाली. पोरं आता एकमेकांना चिडवत, “तुले कोनं सांगतलं? नंबर दाखव!” ताईंना हे ऐकून इतका आनंद होई की त्या उगाच कपाटं पुसत बसत.

समिती आली ती नेमकी भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, सुरू झाली त्या आठवड्यात.

अध्यक्षांनी अर्ज चाळला. “स्रोत क्रमांक १४३०७ दाखवा.”

“हाजर हाये,” म्हणून गोमाजी कपाटांमधून उठले.

अध्यक्षांना नवल वाटलं नाही, कारण त्यांच्या तक्त्यात नवलाचा रकाना नव्हता. त्यांनी मनगटावरचा शिक्का तपासला आणि विचारलं, “वरची खूण समजली. खालची कशासाठी?”

“थे मले नाही मालूम, साहेब.”

अध्यक्षांनी ‘स्रोत अपूर्ण’ असं लिहायला घेतलं, तोच गोमाजी म्हणाले, “बेबीले इचारा. दारात उभी हाये, मले न्याले आली.”

बेबीबाई, त्यांची बायको, तणतणतच आत आली. “त्यात इचाराचं काय हाये? खालची खूण बायाइची. पानी तेथवरी आलं का धुनं बंद. उरलं थे ढोराइचं. आमच्या सास्वाइनं ठरवलं व्हतं.”

“मले बावन वर्सांत कधी नाही सांगतलं?” गोमाजी चकित झाले.

“तुमी कधी इचारलं?”

खुशबू भराभर लिहून घेत होती. अध्यक्षही खूश झाले. “उत्तम! बाईंनाही दाखल करा. दोघं संदर्भ विभागात. संदर्भग्रंथ ग्रंथालयाबाहेर जात नाही. सत्र संपेपर्यंत दोघं जागेवर दिसले पाहिजेत, तर तास कायम.”

“आन रोवणा कोन करन?” बेबीबाई म्हणाली. “तुमची समिती?”

गोमाजींनी ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि परत खुर्चीत बसले. “मी बसतो, बाई. तुमचा तास राह्यला पायजे.”

बावीस वर्षांत कुणी त्यांच्यासाठी खुर्ची अडवून बसलं नव्हतं. छापील वेळापत्रक त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होतं. त्याच्याकडे त्यांनी एकदा नीट पाहिलं, ड्रॉवरमधून लाल पेन काढलं आणि १४३०७ च्या ओळीवर, वहीच्या आयुष्यातली पहिली, सरळ रेघ ओढली. बाद करण्याचं कारण लिहायच्या रकान्यात एरवी वाळवी किंवा हरवले एवढंच लिहितात. ताईंनी लिहिलं, ‘मूळ जागी परत.’

“मग तास गेला, मॅडम,” अध्यक्ष म्हणाले.

“हो,” ताई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं.

“गेला तं गेला,” बेबीबाईने नवऱ्याला दंडाला धरून उठवलं. “रडून कायले राहिली बाई? गुरुवारी बारा वाजता बांधीत ये. लेकराइलेबी आन. रोवण्याले हात कमीच पडतेत.”

गुरुवारी बारा वाजता कॉलेजात टायपिंगचा नवा तास होता आणि वर्ग रिकामा होता. बत्तीस पोरं गोमाजींच्या बांधीत, भाताच्या खाचरात, गुडघाभर चिखलात उभी होती. अनुप सरांनी पँट दुमडून घेतली होती, आणि त्यांची एक चप्पल केव्हाच चिखलाने गिळली होती. गोमाजी बांधावरून, कोणत्या पाण्यात कोणतं धान टिकतं ते ओरडून सांगत होते. मोबाईल खिशात होते, कारण हात रिकामे नव्हते.

कुसुमताईंनीही पदर खोचला होता. जन्म मागाजवळ आणि कपाटांजवळ गेलेला. पण रात्री त्यांनी तयारी केली होती. त्या एकाग्रपणे, सुतासारख्या सरळ ओळीत धानाची रोपं लावत पुढे सरकत होत्या. मागे वळून त्यांनी अभिमानाने पाहिलं, तर बेबीबाई त्यांची सगळी ओळ उपटत येत होती.

“इतकं खोल खुपसते का कोनी? सडून जाईन थे. कोनं सांगतलं तुले?”

बांधीतली बत्तीस डोकी वर झाली. ताईंनी हातातली रोपांची जुडी उलटसुलट करून पाहिली.

“सांगा ना, मॅडम,” खुशबू म्हणाली. “स्रोत?”

“मोबाईलवर पाह्यलं,” कुसुमताई म्हणाल्या.